भिंतीतलं फिलिंग

मिस्त्री पळून गेला यात डॉक्टरांचा काहीही दोष नव्हता. निदान डॉक्टर तरी सगळ्यांना असंच सांगतात. ते मिस्त्रीला एवढंच म्हणाले होते की गाल सुजलेला दिसतोय, जरा तोंड उघडा बघू. आता दाताच्या डॉक्टरने सुजलेला गाल बघून दुसरं काय म्हणायचं? पण मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने हातातली थापी खाली ठेवली, चहा पिऊन येतो म्हणाला, आणि गेला तो गेलाच. फोन बंद. मागे उरल्या बाथरूमच्या तीन उघड्यावाघड्या भिंती, टाइलची खोकी आणि चिकटवायच्या मसाल्याची पोती. कोपऱ्यात थापी तेवढी एकटी पडून होती.

या बाथरूममध्ये आधी उंच कडांचा एक टब होता. डॉक्टरांची आई पडली ती त्या टबातून बाहेर येताना. खुब्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, हाडांचे डॉक्टर म्हणाले की आजी पूर्वीसारख्या चालतील, पण टबाचं नाव काढायचं नाही. तेव्हा टब काढून तिथे शॉवरचा कोपरा करायचा, आईला आत स्टुलावर बसून निवांत आंघोळ करता येईल असा, आणि भिंतींना टाइल लावून घ्यायच्या, एवढंच काम होतं. कोणीही म्हणेल, त्यात काय एवढं. डॉक्टरही तेच म्हणाले होते.

आता यात घाई कशासाठी होती तेही सांगायला हवं. हॉस्पिटलमध्ये रोज सकाळी एक नर्स येऊन आईला ओल्या फडक्याने पुसायची. पोरगी गुणी होती, हाताने हलकी होती. पण तेवढा वेळ आई भिंतीकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून पडून राहायची. डॉक्टरांनी हे एकदा दारातून पाहिलं आणि तसेच मागे फिरले. आयुष्यभर शाळेची मुख्याध्यापिका म्हणून दरारा गाजवलेली बाई ती. तिने मुलाला आणि मुलीला समोर बसवलं आणि स्वच्छ सांगितलं, "मला माझ्या आईने आंघोळ घातली तेवढी पुरे. आता ज्याच्या घरी मला माझी आंघोळ माझी मला करता येईल, त्याच्या घरी मी जाईन. मग उगाच मन मोडलं म्हणायचं नाही."

मुलगी म्हणजे डॉक्टरांची ताई. ताईकडे सगळं असतं. तिच्या बाथरूममध्ये धरायला दांडा होता, बसायला बैठक होती, न घसरणारी फरशी होती. ती म्हणाली, चार दिवस माझ्याकडे येऊ दे, मग बघू. ताईचे चार दिवस म्हणजे काय, ते डॉक्टरांना पुरेपूर ठाऊक होतं. तिने चार दिवसांसाठी नेलेली शिडी अजून परत यायची होती. आणि आई म्हणजे काही शिडी नव्हे. ती घरात नव्हती तेवढ्या काळात डॉक्टरांना जेवण जात नव्हतं. कोणी चूक काढत नाही म्हणून बायकोलाही स्वयंपाकात राम वाटत नव्हता. आई ताईकडे गेली तर ती तिथलीच होणार, हे डॉक्टरांना दिसत होतं. पण ताईसमोर हे बोलायची सोय नव्हती. ताईसमोर ते अजूनही नाक पुसून उभे राहतात.

बरं, मिस्त्री मिळवायलासुद्धा कमी नाकी नऊ आले नव्हते. त्याच्याही आधी इमारतीच्या सेक्रेटरींची परवानगी. सेक्रेटरी म्हणाले, दुरुस्तीची परवानगी लगेच देतो, पण तुमची तोडफोड आहे, तिला खालच्या मजल्याची संमती लागते. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, संमती देईन, पण आधी माझी कवळी जेवताना टकटक वाजते तिचं बघा. डॉक्टरांनी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून कवळी घासून दिली. मग सेक्रेटरी म्हणाले, वरच्यांचीही संमती हवी. डॉक्टर म्हणाले, अहो, पाणी काही वर चढत नाही. सेक्रेटरी म्हणाले, आवाज चढतो. वरच्यांकडे दोघांच्या हिरड्या सुजलेल्या निघाल्या. शेवटी सही करता करता सेक्रेटरींनी स्वतःच आ वासला आणि बोटाने मागची दाढ दाखवली. त्या आठवड्यात डॉक्टरांनी दवाखान्यात पाहिले नसतील इतके दात जिन्यात पाहिले.

एवढं सगळं करून आणलेला मिस्त्री असा हातावर तुरी देऊन गेला. दुसऱ्या कोणाला वेळ नव्हता. एक जण म्हणाला पुढच्या महिन्यात, दुसरा नुसताच हसला. आणि आईला घरी सोडायचं ठरलं होतं पुढच्याच आठवड्यात.

तेव्हा रात्रीच्या जेवणाला डॉक्टरांनी जाहीर केलं की टाइल आपण स्वतः लावणार. बायकोने भाजी वाढायचा हात थांबवला. डॉक्टर म्हणाले, त्यात काय आहे? जागा साफ करायची, मसाला कालवायचा, भरायचा, वरून गुळगुळीत करायचं. आपण आयुष्यभर दुसरं काय केलं? बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तासाला एक दात करता. इथे तीन भिंती आहेत." पण डॉक्टरांच्या अंगात एकदा शिरलं की शिरलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या बाईंना सांगून ठेवलं की सगळ्या पेशंटना पुढची तारीख द्या, डॉक्टर एका मोठ्या केसमध्ये आहेत. आणि खरोखरच ते ती केस असल्यासारखे उभे राहिले. डोक्याला दिवा, डोळ्यांवर भिंग, हातात हातमोजे. मिस्त्री घमेल्यात मसाला कालवतो, डॉक्टरांनी वाटीत कालवला. पातळ होऊ नये, लवकर सुकू नये म्हणून एका वेळी दोन टाइलपुरताच. प्रत्येक टाइल पाठीमागून स्पिरिटने पुसायची, बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने वाळवायची, मसाला कोपऱ्यापर्यंत पोचला का ते छोट्या आरशाने बघायचं, आणि मगच भिंतीला लावायची. लावताना सवयीने तोंडातून निघून जायचं, "आता जरा दाबल्यासारखं वाटेल हं." बायकोने हे दारातून ऐकलं आणि ती तशीच स्वयंपाकघरात गेली.

पहिल्या दिवसअखेर एक ओळ झाली. ओळ अशी सरळ की पाणसळ लावली तर बुडबुडा मधून हलायला तयार नाही. पण ओळ एकच.

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरचे काका आपला मोडा घेऊनच आले आणि बाथरूमच्या दारात बसले. काका निवृत्त झाल्यापासून लोकांच्या कामावर देखरेख करतात, आणि तेही विनातक्रार. त्यांचं म्हणणं पडलं की टाइल वरून खाली लावत यायच्या, कारण माणसाची नजर आधी वर जाते. डॉक्टर म्हणाले, खाली आधार नसेल तर वरच्या घसरतील. काका म्हणाले, मग मधून सुरू करा. खालच्या आजी कवळी दाखवायच्या निमित्ताने येऊन गेल्या आणि रंग जरा फिका झाला असं म्हणाल्या. सेक्रेटरी आले ते आवाज होतोय का बघायला. आवाज अजिबात होत नव्हता, याची त्यांना शंका आली. परवानगी तोडफोडीची आणि काम असं चिडीचूप, हे कसं काय, म्हणून ते बराच वेळ उभे होते.

आणि मग ती भोकं आली.

पाण्याचे नळ अजून बसायचे होते. प्लंबरने भिंतीतून पाइप आणून त्यांची दोन तोंडं भिंतीच्या पातळीत उघडी ठेवली होती, एक गरम पाण्याचं, एक थंड पाण्याचं, आणि कचरा जाऊ नये म्हणून त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. टाइल लावताना इथे भोक ठेवा, असं तो बजावून गेला होता. आता बाकी कोणी असतं तर त्याने ते बोळे पाहिले असते आणि पुढे गेला असता. पण डॉक्टरांचा जन्म गेला तोंडातली भोकं बुजवण्यात. उघडं भोक, आणि त्यात कोंबलेला कागद, हे त्यांच्या डोळ्यांना सहन होईना. दोन टाइल लावायच्या आणि परत तिकडे बघायचं. शेवटी त्यांनी बोळे काढले, आतली बाजू पुसून घेतली, निर्जंतुक कापूस बसवला, आणि वरून दवाखान्यातल्या पांढऱ्या मसाल्याचा तात्पुरता थर देऊन, भिंतीशी एकजीव करून टाकला. तात्पुरता, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. टाइल तिथे पोचल्या की भोक पाडायचंच होतं.

डॉक्टरांची गावभर ख्याती अशी की त्यांनी भरलेला दात कोणता, ते आरशात बघून पेशंटलाही सांगता येत नाही. झालंही तसंच. दवाखान्यात निदान कार्डावर लिहिलेलं असतं. भिंतीला कुठलं कार्ड? तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा हात बसला, चौथ्या दिवशी तर त्यांना तंद्री लागली. काकांचं बोलणं ऐकू येईना, जेवणाची हाक ऐकू येईना. एकामागून एक टाइल बसत गेल्या. आईच्या घरी येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटच्या फटीत मसाला भरला, ओल्या फडक्याने सगळं पुसलं, आणि डॉक्टर दोन पावलं मागे सरून बघत राहिले. तीन भिंती, लखलखीत, एक रेघ इकडची तिकडे नाही. बायको म्हणाली, खरंच छान झालंय. काका उठून उभे राहिले, आणि काका सहसा कशासाठीही उठून उभे राहत नाहीत.

दुपारी प्लंबर नळ बसवायला आला. आत गेला आणि बराच वेळ बाहेर येईना. मग त्याने दारातून मान काढून अगदी साधं विचारलं, "डॉक्टरसाहेब, पाणी कुठून येणार?"

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आत जाऊन भिंतीकडे पाहिलं. समोर पांढऱ्या टाइल, डावीकडे पांढऱ्या टाइल, उजवीकडे पांढऱ्या टाइल. पाइप समोरच्या भिंतीत होते एवढं नक्की. पण कुठे? प्लंबर म्हणाला, कमरेच्या उंचीवर. काकांनी विचारलं, कोणाच्या कमरेच्या? प्लंबर बुटका, डॉक्टर ताडमाड. प्लंबरने आठवून पाहिलं आणि म्हणाला, तेव्हा मी बादलीवर उभा होतो बहुतेक. काकांनी त्याला बादलीवर उभं करून पाहिलं. दोन बादल्या निघाल्या, एक उंच आणि एक बसकी.

शेवटी प्लंबर म्हणाला, समोरची भिंत फोडू, सापडतील. पण फोडलेल्या टाइल परत लावायला वेळ कुठे होता? आणि टाइल तरी कुठे होत्या? खोक्यात उरली होती फक्त एक, तीही कोपरा उडालेली. शिवाय उद्या आईला घेऊन ताई येणार होती. ताई दारातून आत पाऊल टाकून सगळ्यात आधी बाथरूम बघणार, फुटकी भिंत दिसली की एक शब्दही न बोलता आईला तशीच गाडीत बसवणार. आणि आईही जाणार. तिने तसं आधीच सांगून ठेवलं होतं. डॉक्टर कमोडवर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बोलण्यासारखं होतं ते सगळं तिचं तासाला एक दात या वाक्यात आधीच बोलून झालं होतं.

मग डॉक्टरांना वाटलं, ठोकून बघू. दातावर ठोकतात तसं आरशाच्या दांड्याने त्यांनी एकेका टाइलवर ठोकलं. पोकळी असेल तिथे आवाज वेगळा येईल. पण पोकळी असेल तर ना! एवढ्या निगुतीने मसाला भरला होता की सगळी भिंत एका सुरात ठण ठण बोलत होती. मिस्त्रीने अर्धवट मसाला थापून लावल्या असत्या तर एव्हाना पाइप सापडले असते, असं काका म्हणाले. डॉक्टरांना ते ऐकून घ्यावं लागलं.

डॉक्टरांनी आरशाचा दांडा खाली ठेवला. मग मान खाली घालून, कोणाकडेही न बघता ते हळूच म्हणाले, "पाणी सोडा."

प्लंबरला कळेना. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आणि सांगताना त्यांना किती जड गेलं ते त्यांचं त्यांनाच माहीत. त्यांनी भोकं भरली होती ती तात्पुरत्या मसाल्याने. तात्पुरतं फिलिंग गळतं. पेशंट महिनाभर आला नाही की गळतं, जोर पडला की त्याआधीच गळतं. पाण्याचा दाब वाढवला की ते आतून सुटणार, पाणी टाइलच्या मागे येणार, आणि फटी अजून ओल्या आहेत तोवर कुठून तरी बाहेर डोकावणार. काकांनी मोडा पुढे ओढला. "म्हणजे तुमचं फिलिंग गळेल अशी आशा धरून बसायचं?" डॉक्टर म्हणाले, हो.

प्लंबरने बाहेरची चावी हळूहळू उघडली. आत डॉक्टर, बायको आणि काका, तिघंही भिंतीला नाक लावून उभे. काही होईना. चावी अजून उघडली. तरी काही होईना. डॉक्टरांच्या मनाची काय अवस्था झाली ती सांगता येत नाही. एकीकडे आपलं काम इतकं पक्कं आहे म्हणून छाती फुगत होती, दुसरीकडे देवा, एकदा गळू दे, असं चाललं होतं. आणि तेवढ्यात बायको म्हणाली, हे बघा. दोन टाइलच्या मधल्या फटीत पाण्याचा एक थेंब हळूच जमला, मोठा झाला आणि टाइलवरून ओघळला. थोड्या वेळाने त्याच्या बाजूला दुसरा. डॉक्टरांचं फिलिंग गळलं होतं. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत इमारतीत सगळ्यांना कळणार, हे काकांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण त्या क्षणी डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी बायकोचा हात इतका जोरात दाबला की तिची बांगडी वाकली.

पुढचं काम मात्र डॉक्टरांच्या हातचं होतं. पाणी बंद करायला सांगून ते दवाखान्यात धावले आणि कवळ्या घासायचं छोटं यंत्र आणि हिऱ्याची टोकं घेऊन आले. प्लंबर म्हणाला, टाइल तडकेल. डॉक्टरांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. थेंबाच्या वर टाइलवर पेन्सिलने गोल काढला, बायकोच्या हातात पाण्याची पिचकारी दिली, डोक्यावरचा दिवा लावला, आणि सुरुवात केली. तो बारीक किर्र आवाज सुरू झाला तसे काका मोड्यावरून उठले, गालावर हात ठेवला, आणि घरी काही काम आहे म्हणून निघून गेले. जिन्यात कोणाचं तरी दार लागल्याचं ऐकू आलं. सेक्रेटरींना हवा तो आवाज शेवटी मिळाला, पण तेही फिरकले नाहीत.

पहिल्या गोलाच्या आत पाइपचं अर्धंच तोंड आलं, तेव्हा गोल जरा रुंद करावा लागला. दुसरा बरोबर बसला. एकही टाइल तडकली नाही. कापूस बाहेर आला, पाइप मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबरने नळ बसवले, धरायला दांडा लावला, आणि रुंद झालेलं भोक नळाच्या चकतीखाली झाकून गेलं. शॉवर सुरू केला तेव्हा पाणी सरळ खाली आलं, आणि कुठेही गळलं नाही.

अकराच्या सुमाराला ताई आईला घेऊन आली. आईच्या हातात काठी होती आणि ती बरीच वाळली होती. ताईने पर्स बाजूला ठेवली आणि थेट बाथरूम गाठलं. भिंतींवरून हात फिरवला, दांडा ओढून पाहिला, फरशीवर पाय घासून पाहिला. म्हणाली, ठीक आहे. मग म्हणाली, पण आईला जमेल का ते बघू, नाही जमलं तर मी तिला घेऊन जाते, गाडी खाली उभीच आहे.

आई म्हणाली, मी आत्ताच आंघोळ करणार आहे. गेले कित्येक दिवस मला आंघोळ अशी झालेलीच नाही. तिने कपडे आणि टॉवेल घेतले, आत गेली, आणि दार लावून घेतलं. कडी लावू नकोस, असं ताई म्हणत होती तोवर कडी लागल्याचा आवाज आला.

बाहेर सगळे उभे. पाण्याचा आवाज सुरू झाला. काका कधी येऊन उभे राहिले ते कोणाला कळलं नाही. डॉक्टर श्वास रोखून आवाज मोजत होते, आता स्टूल सरकलं, आता तांब्या ठेवला. आणि एकदम आत काहीतरी धाडकन पडलं.

ताई दारावर धावली. तिने दार ढकलायला हात उचलला, आणि डॉक्टरांनी तो हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ताईचा हात धरला होता. हॉस्पिटलमधली ती भिंतीकडे वळलेली मान त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ते म्हणाले, "थांब ताई. तिने हाक मारली तर जाऊ."

आतून हाक आली नाही. पाणी चालूच होतं. मग आईचा करडा आवाज आला, "साबणाची डबी पडली. मीच उचलतेय. कोणी आत यायचं नाही."

त्यानंतर आई बराच वेळ आत होती. इतका, की बायकोने मध्ये जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन उभी राहिली. मग पाणी थांबलं, कडी निघाली. आई ओले केस टॉवेलात गुंडाळून, स्वच्छ कपड्यांत, काठी टेकत बाहेर आली. चेहरा तुकतुकीत झाला होता. तिने दारातल्या गर्दीवरून एकदा नजर फिरवली, पूर्वी शाळेच्या व्हरांड्यात फिरवायची तशी.

"हे काय चाललंय?" ती म्हणाली. "उद्यापासून मी आंघोळीला गेले की इथे कोणी उभं राहायचं नाही."

आणि ती आपल्या खोलीकडे चालू लागली. डॉक्टर तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. तिने उद्यापासून म्हटलं होतं, हे त्यांनी ऐकलं होतं, आणि ताईनेही ऐकलं होतं. ताईने काही क्षण भावाकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि गाडीवाल्याला निघून जा म्हणून सांगायला ती जिना उतरू लागली. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला तो तेव्हा.